भाषापंडितांच्या परिषदा आणि गोषवाऱ्याचें पान

गोषवारा हा शब्द मराठीनें फारसी दफ्तरांतून घेतला. फारसींत त्याचा मूळ अर्थ कानांतील डूल असा आहे. हिशेबनिसांनीं तो पुढें जमाखर्चाच्या सारांशास लाविला आणि तेथून तो आपल्या व्यवहारांत रुळला. शंभर पानांच्या वहीचें सार एका पानांत उतरावें, आणि तें पान वाचून धन्यास आपल्या दौलतीची खरी स्थिति कळावी, एवढें त्याचें काम. ज्या कारकुनास गोषवारा नीट करतां येत नसेल, त्याच्या वहींतहि कोठें तरी घोळ असावा, अशी शंका येणें साहजिकच आहे. विद्येच्या दरबारांतहि असाच एक गोषवारा मागितला जातो, आणि तेथेंहि त्यावरून वहीची परीक्षा होते.

भाषाशास्त्राच्या परिषदेंत निबंध वाचावयाचा असेल, तर विद्वानानें तो काखेंत मारून थेट व्यासपीठावर चढावें, अशी चाल आतां राहिली नाहीं. परिषदेच्या कित्येक महिने आधीं त्यानें आपल्या प्रतिपादनाचा गोषवारा पाठवावयाचा असतो. तो बहुधा पांचशे शब्दांचा, किंवा उदाहरणें धरून एकदोन पानांचा असतो. परीक्षक तो वाचतात, आणि तेवढ्यावरून त्या मनुष्यास बोलण्यासाठीं वीस मिनिटें द्यावयाचीं कीं नाहीं, हें ठरतें. सामान्य वाचकास हा केवळ दफ्तरी उपचार वाटेल. परंतु या पानाचा इतिहास पाहिला तर असें दिसून येतें कीं, दूरच्या, परक्या आणि अनोळखी मनुष्याचें म्हणणें विद्वानांच्या कानांवर घालण्याचें जें काम या कागदानें केलें आहे, तें मोठमोठ्या ग्रंथांकडूनहि क्वचितच झालें असेल. तो इतिहास वाचकांपुढें थोडक्यांत मांडावा, आणि त्यांतून आपल्या पदरीं काय पडतें हें पाहावें, असा आमचा हेतु आहे.

भाषांचा अभ्यास करणाऱ्या पंडितांना आरंभीं स्वतःची अशी आंतरराष्ट्रीय परिषद नव्हती. प्राच्यविद्येच्या परिषदा १८७३ सालीं पॅरिस येथें सुरू झाल्या, आणि संस्कृत, पाली, प्राकृत यांविषयीं बोलणारे लोक त्यांच्याच छायेखालीं जमूं लागले. दुसरी परिषद १८७४ सालीं लंडनमध्यें भरली. तिचें निमंत्रण रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना आलें होतें. त्यांना त्या वेळीं जातां आलें नाहीं. परंतु नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरील आपला निबंध त्यांनीं पाठवून दिला, आणि तो परिषदेच्या वृत्तांतांत छापून निघाला. समुद्रपर्यटन करावें कीं न करावें, हा वाद आपल्या समाजांत अद्याप मिटावयाचा होता, अशा काळीं मनुष्य मागें राहिला आणि त्याचा कागद समुद्र ओलांडून गेला. तो निबंध पूर्ण होता, गोषवारा नव्हता, हें खरें. परंतु लेखक समोर नसतांना त्याच्या कागदानें त्याची बाजू मांडावी, आणि ऐकणारांनीं मनुष्याकडे न पाहतां म्हणण्याकडे पाहावें, हें जें गोषवाऱ्याचें मूलतत्त्व, त्याचा प्रत्यय येथें आलाच.

पुढें १८८६ सालीं व्हिएन्ना येथें भरलेल्या सातव्या परिषदेस भांडारकर स्वतः गेले. याच परिषदेनें हिंदुस्थानांतील भाषांची पद्धतशीर पाहणी सरकारनें करावी, अशी विनंति करणारा ठराव संमत केला. जॉर्ज ग्रीअर्सन यांच्या हातून जी भाषापाहणी पुढें झाली, तिचें बीज या ठरावांत होतें. काम १८९४ सालीं सुरू झालें. १९०३ पासून १९२८ पर्यंत अकरा खंड निघाले. त्यांत १७९ भाषा आणि ५४४ बोली यांची नोंद झाली. मराठीचा खंड १९०५ सालचा आहे. तिच्या एकेका निर्णयावर आजहि वाद होतात, पण ज्याला वाद करावयाचा त्याला आधीं तो खंड उघडावा लागतो. ठरावाच्या चार ओळी आणि त्यांच्या पोटीं चौतीस वर्षांचें काम! थोडक्यांत आणि नेमकें मागितलें तर केवढें मोठें काम उभें राहूं शकतें, याचें याहून चांगलें उदाहरण सांपडणें कठीण.

तथापि प्राच्यविद्येच्या या मेळाव्यांत भाषा ही पाहुणी होती, यजमान नव्हती. शिलालेख, नाणीं, धर्मग्रंथ आणि उत्खननें यांच्या गर्दींत तिला जागा मिळे ती कोपऱ्याची. भाषाशास्त्रज्ञांची स्वतःची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद एप्रिल १९२८ मध्यें, १० पासून १५ तारखेपर्यंत, हॉलंडमध्यें हेग येथें भरली. लायडनचे उलेनबेक हे तिचे अध्यक्ष होते. या परिषदेच्या चालकांनीं एक नवी युक्ति काढली. प्रत्येकानें आपणांस वाटेल त्या विषयावर बोलावें, असें न ठेवतां त्यांनीं कांहीं प्रश्न तयार केले आणि ते आगाऊ निरनिराळ्या देशांतील पंडितांकडे पाठविले. ज्याला कांहीं सांगावयाचें असेल त्यानें तें थोडक्यांत लिहून पाठवावें. तीं उत्तरें छापून सभासदांच्या हातीं द्यावींत. आणि मग परिषदेंत त्यांवर चर्चा व्हावी, अशी ही योजना होती. प्रश्नांपैकीं एक असा होता: कोणत्याहि भाषेच्या ध्वनिव्यवस्थेचें संपूर्ण आणि व्यवहार्य वर्णन करावयास कोणत्या पद्धति सर्वांत योग्य?

प्राग शहरांत त्या वेळीं रशियांतून आलेले रोमान याकोब्सन राहत होते. वय तिशीच्या आसपास. ऑक्टोबर १९२७ मध्यें त्यांनीं या प्रश्नाचें उत्तर लिहून काढलें, आणि व्हिएन्ना येथील प्राध्यापक निकोलाय त्रुबेत्स्कोय व जिनीव्हा येथील सर्गेइ कार्त्सेव्स्की या आपल्या दोघां देशबंधूंकडे तें पाठविलें. दोघांनींहि त्यावर सही केली. स्वदेशाबाहेर राहणारीं तीन माणसें, तींहि तीन शहरांत विखुरलेलीं. त्यांच्याजवळ होतें तें एवढेंच, अवघ्या कांहीं पानांचें एक टिपण. परिषदेच्या छापील वृत्तांतांत तें बाविसावें निवेदन म्हणून समाविष्ट आहे.

त्या टिपणांत काय होतें, हें मराठीच्या उदाहरणानें सांगणें सोपें जाईल. तोंडांतून निघणारे ध्वनि असंख्य आहेत. एकच मनुष्य एकच शब्द दहा वेळां उच्चारील तर दहाहि उच्चार सूक्ष्म दृष्टीनें निराळे निघतील. परंतु हे सर्व भेद भाषेच्या कामाचे नसतात. ‘दार’ आणि ‘धार’, ‘बार’ आणि ‘भार’, ‘गाव’ आणि ‘घाव’ या जोड्या घ्या. प्रत्येक जोडींत अर्थ पालटतो, आणि तिन्ही ठिकाणीं तो पालटविणारा भेद एकच आहे: अल्पप्राण आणि महाप्राण. म्हणजे हे सहा सुटे ध्वनि नसून एकाच भेदाच्या सूत्रांत ओवलेल्या तीन जोड्या आहेत. दुसरें उदाहरण ‘गुरें चार’ या दोन शब्दांचें. ‘चार’ मधील च तालव्य उच्चारला तर गुरांची संख्या कळते. तोच दंत्य उच्चारला तर गुरें रानांत नेण्याची आज्ञा होते. लिपि येथें मुकी आहे, पण मराठी कान चुकत नाहीं. अर्थ पालटविणारे असे मोजके भेद हुडकावे, त्यांची एकमेकांशीं कशी जुळणी आहे तें दाखवावें, कोणत्या जुळण्या सर्वच भाषांत दिसतात याचा शोध घ्यावा, आणि भाषेचा इतिहास लिहितांनाहि सुटा ध्वनि न घेतां ही सबंध व्यवस्था दृष्टीपुढें ठेवावी, असें त्या तिघांचें म्हणणें होतें.

हें म्हणणें हेग येथें नुसतें ऐकून घेतलें गेलें नाहीं, तर त्याला पाठिंबाहि मिळाला. प्रागचे मातेसियुस आणि सोस्यूर यांची परंपरा चालविणारे जिनीव्हाचे बाली व सेशए यांनीं याकोब्सन व त्रुबेत्स्कोय यांच्यासह तेथें एक संयुक्त निवेदनहि मांडलें. पुढच्याच वर्षीं, ऑक्टोबर १९२९ मध्यें, स्लाव्ह भाषापंडितांच्या प्राग येथील पहिल्या परिषदेपुढें प्रागच्या मंडळानें आपले सिद्धान्त असेच लेखी स्वरूपांत ठेवले. ध्वनिविचाराची जी शाखा आज जगांतील अनेक विद्यापीठांत शिकविली जाते, तिचा सार्वजनिक जन्म असा प्रश्नपत्रिकेच्या उत्तरांतून झाला. ग्रंथ मागून आले. आधीं आला तो गोषवारा.

यापुढील हकीकत मात्र सुखाची नाहीं. जिनीव्हा येथें १९३१ सालीं, रोम येथें १९३३ सालीं आणि कोपनहेगन येथें १९३६ सालीं परिषदा झाल्या. पांचवी परिषद ऑगस्ट १९३९ च्या अखेरीस ब्रसेल्स येथें भरावयाची होती. नेहमींच्या शिरस्त्याप्रमाणें अहवाल व सारांश आगाऊ छापून तयार झाले. पण १ सप्टेंबरला पोलंडवर स्वारी झाली आणि महायुद्ध पेटलें. त्या ऐन प्रसंगीं परिषद भरूं शकली नाहीं. वक्ते नाहींत, श्रोते नाहींत, सभागृह रिकामें. आणि न भरलेल्या परिषदेचे सारांश तेवढे छापील पुस्तकांत उरले. त्रुबेत्स्कोय तर तत्पूर्वींच गेले होते. वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेविरुद्ध त्यांनीं उघड लिहिलें होतें. मार्च १९३८ मध्यें जर्मनीनें ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर गुप्त पोलिसांनीं त्यांच्या घराची झडती घेऊन कागदपत्र नेले, आणि २५ जून १९३८ रोजीं त्यांचें निधन झालें. त्यांचा ध्वनिविचारावरील मुख्य ग्रंथ १९३९ सालीं त्यांच्या पश्चात् निघाला. याकोब्सन यांना प्राग सोडून डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन असे देशोदेशीं फिरत १९४१ सालीं अमेरिका गांठावी लागली. सहावी परिषद भरली ती थेट जुलै १९४८ मध्यें, पॅरिस येथें. माणसें मारलीं जातात, सभा उधळल्या जातात, परंतु दहा ठिकाणीं पोहोंचलेलें एक पान नाहींसें करणें कोणाहि सत्ताधीशास सोपें जात नाहीं, हा बोध त्या वर्षांनीं जगास दिला.

आतां आपल्या देशाकडे वळूं. ५ नोव्हेंबर १९१९ रोजीं पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या विद्यमानें अखिल भारतीय प्राच्य परिषदेचें पहिलें अधिवेशन सुरू झालें. ज्यांचा निबंध पंचेचाळीस वर्षांपूर्वीं एकटा लंडनला गेला होता, तेच भांडारकर आतां वयाच्या त्र्याऐशीव्या वर्षीं या परिषदेचे अध्यक्ष निवडले गेले. हेगची परिषद ज्या वर्षीं झाली, त्याच वर्षीं, १९२८ सालीं, लाहोर येथें लिंग्विस्टिक सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. प्राच्य परिषदेंत वाचावयाच्या निबंधांचे सारांश छापून सभासदांच्या हातीं देण्याची चालहि पडली. अशा सारांशांचीं पुस्तकें आज ग्रंथालयांच्या तळच्या फळीवर धूळ खात पडलेलीं असतात. परंतु परिषदेंत वाचलेला प्रत्येक निबंध पुढें पूर्णपणें छापला जातोच असें नाहीं. पुष्कळदां त्याचा सारांश तेवढा मागें राहतो. लहान गांवच्या शाळेंत शिकवीत असतां एखाद्यानें बोलीचे शब्द टिपून ठेवावे, उन्हाळ्याच्या सुटींत त्यांतून एक विचार बांधावा, आणि त्याचें जगाला ठाऊक असलेलें एकमेव चिन्ह दहा ओळींच्या सारांशांत उरावें, असेंहि घडूं शकतें. म्हणून गोषवारा लिहिणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. प्रसंगीं तोच मनुष्याचा सबंध वारसा ठरतो.

गेल्या कांहीं दशकांत परिषदा वाढल्या, पाठविणारे वाढले, आणि निवड करणें भाग पडूं लागलें. या निवडींत एक न्याय्य पद्धति पुष्कळ ठिकाणीं रूढ झाली आहे. गोषवाऱ्यावर लेखकाचें नांव नसतें. त्याचें विद्यापीठ, पदवी, गुरु यांपैकीं कांहींच परीक्षकास दिसत नाहीं. आपल्याकडे सभेंत कोण बोलतो हें पाहून काय बोलतो हें ठरविण्याची खोड जुनी आहे; त्या दृष्टीनें हें निनांवी पान म्हणजे मोठीच सुधारणा होय. परीक्षक इतकेंच पाहतो: प्रश्न कोणता, पुरावा काय, सिद्धान्त कोणता, आणि दुसऱ्या कोणी निराळें उत्तर दिलें असेल तर त्याला जबाब काय.

उदाहरणार्थ, ‘रामानें पोळी खाल्ली’ असें आपण म्हणतों. पण ‘मी पोळी खाल्ली’ यांत ‘नें’ नाहीं. आतां ‘मी’ या शब्दाला येथें प्रत्ययच नाहीं, कीं प्रत्यय आहे पण ऐकूं येत नाहीं? जुने लेखक अशा ठिकाणीं ‘मीं’ असा अनुस्वार देत. तो डोळ्यास दिसे, कानास नव्हे. यावर गोषवारा लिहिणारानें केवळ ‘मराठीच्या विभक्तींचा विचार’ असें मोघम लिहून भागणार नाहीं. त्यानें ‘आम्ही बायकांनीं स्वयंपाक केला’ असें एखादें वाक्य पुढें ठेवावें. येथें ‘आम्ही’ उघडें आहे, पण त्याला जोडून आलेल्या ‘बायकांनीं’ वर प्रत्यय स्पष्ट आहे. यावरून ‘आम्ही’ हीहि तृतीयाच, फक्त तिचें चिन्ह लुप्त आहे, असा पक्ष मांडतां येतो. मग प्रतिपक्षाचें म्हणणें सांगावें, आणि तें कां पटत नाहीं याचें एखादें वाक्य द्यावें. परक्या परीक्षकास कळावें म्हणून प्रत्येक उदाहरणाच्या खालीं शब्दशः अर्थ व व्याकरण लिहावें. एवढें एका पानांत बसवावयाचें म्हणजे शब्दन् शब्द तोलून घ्यावा लागतो. पुष्कळांना आपल्या म्हणण्यांतील कच्चा दुवा याच वेळीं प्रथम दिसतो. हिशेब जुळत नाहीं हें कारकुनाला गोषवारा मांडतांनाच कळतें, तसाच हा प्रकार.

या पद्धतींत दोष नाहींत असें नाहीं, आणि ते झांकून ठेवणें बरें नव्हे. एका पानांत ठाम सिद्धान्त शोभून दिसतो. वर्षानुवर्षें एका बोलीचे नमुने गोळा करणाराचें सावकाश काम त्यांत मावत नाहीं. निनांवीपणाहि पुरता साधत नाहीं, कारण ज्या बोलीवर जगांत एकच मनुष्य काम करीत आहे, तिचें नांव वाचतांच परीक्षक लेखक ओळखतो. मोठ्या परिषदांची भाषा बहुतेक इंग्रजीच असते. त्यामुळें मराठी ज्याला उत्तम कळते पण इंग्रजी गोषवाऱ्याची ठराविक धाटणी ज्याला कोणी शिकविली नाहीं, तो दाराशींच अडतो. शेवटची अडचण पैशाची. भांडारकरांचा निबंध त्यांच्यावांचून लंडनला गेला व वृत्तांतांत छापला गेला. आज गोषवारा मान्य झाला तरी प्रवासखर्च, परवाना आणि परिषदेची वर्गणी यांची भर लेखकाला स्वतःच घालावी लागते. २०२० सालच्या साथीनंतर दुरून बोलण्याची सोय कांहीं ठिकाणीं झाली, ही समाधानाची गोष्ट होय. हेगला सुरू झालेली परिषद १९८२ सालीं टोकियोस आणि २०१८ सालीं केपटाउनला पोहोंचली. पण परिषदेनें जागा पालटली म्हणून दार आपोआप रुंद होत नाहीं.

तर मग करावें काय? दाराला दोष देऊन बाहेर बसणें हा एक मार्ग. परंतु तो कोणाला कोठें पोहोंचवीत नाहीं. आमच्या मतें गोषवारा लिहिण्याची विद्या महाविद्यालयांतील मुलामुलींना पहिल्यापासून, आणि आधीं मराठींत, शिकविली पाहिजे. आपण निबंध शिकवितों तो विस्ताराचा; विषयाच्या पांच बाजू सांगून शेवटीं सुवर्णमध्य काढावयाचा. एकच गोष्ट म्हणावी, ती पुराव्यानें म्हणावी, आणि अनोळखी माणसानें ती खोडून काढावी म्हणून त्याच्या हातीं द्यावी, हें धैर्य त्या निबंधांत येत नाहीं. आपल्या परिषदांनींहि मराठी गोषवारे मागवावे, नांव झांकून ते वाचावे, आणि नाकारलेल्यांनाहि दोन ओळींत कारण कळवावें. कारण न सांगतां परत आलेला कागद तरुण मनाला जितका खचवितो, तितका कठोर पण स्पष्ट अभिप्राय खचवीत नाहीं.

काम पुष्कळ पडलें आहे. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी यांपैकीं कोणत्या तरी बोलीचे बोल अनेक वाचकांच्या घरीं आजी-आजोबांच्या तोंडीं असतील. तंजावराकडे तीन शतकांहून अधिक काळ द्राविड भाषांच्या शेजारीं नांदलेली मराठी निराळ्याच वळणाची आहे. या बोलींत ‘मी’ ला ‘नें’ लागतो कीं नाहीं, च चे दोन उच्चार वेगळे राहिले आहेत कीं एक झाले आहेत, एवढे साधे प्रश्न घेऊन घरांतील तरुणानें कान देऊन ऐकावें, वही करावी, आणि वर्षअखेर त्या वहीचा गोषवारा एका पानावर उतरवावा. तें पान कोठल्या परिषदेस पाठवावयाचें, हें मागाहून पाहतां येईल. आधीं तें लिहिलें गेलें पाहिजे, आणि ज्यांच्या तोंडचे ते बोल आहेत तीं माणसें आपल्यांत आहेत तोंवर लिहिलें गेलें पाहिजे.